पॅनेलवर नको, डेस्कवर बसवा

८ मे २०२५ च्या रात्री मी टीव्हीसमोर बसलो होतो. ऑपरेशन सिंदूरला दोनच दिवस झाले होते आणि वाहिन्यांवर कराची बंदराची राखरांगोळी झाली होती, इस्लामाबादेत आपल्या फौजा शिरल्या होत्या, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटकसुद्धा झाली होती. पडद्यावर आठ चौकटी आणि त्यातल्या निम्म्यांत निवृत्त अधिकारी. मागे सायरन वाजत होता, तो स्टुडिओतलाच. (असे सायरन वाजवू नका, हे सरकारला दोन दिवसांनी वाहिन्यांना लेखी कळवावं लागलं.) न राहवून मी फौजीकाकांना फोन लावला.

"काका, बघताय का?"

"बघतोय. बातमीवर गाव कुठलं टाकलंय?"

मी नीट पाहिलं. पडद्यावर वाहिनीच्या स्टुडिओचंच गाव होतं. "नोएडा."

"मग नोएडात काय झालं तेवढं सांगा म्हणावं." आणि ते झोपायला गेले.

सकाळी कराची होतं तिथंच होतं.

फौजीकाका म्हणजे आमच्या जुन्या दैनिकातले मुद्रितशोधक. माण तालुक्यातले, मॅट्रिक होऊन सैन्यात गेलेले, पंधरा वर्षं सिग्नलमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेश पोचवणाऱ्या विभागात, काढून आलेले. त्या पंधरांत एकाहत्तरची लढाई होती. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी लाल शाईनं आमच्या चुका काढण्यात घालवली. आता धानोरीला मुलाकडं असतात. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून फौजीकाकाच म्हणतो. कचेरीत तरी कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारली होती?

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. लढाई पाहिलेला माणूस बातमीच्या धंद्यात हवा, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. वाहिन्या तर त्याच्यासाठी गाडी पाठवतात. पण आपण त्याला भलत्याच खुर्चीत बसवतो. पॅनेलवर बसवून त्याच्याकडून खात्री वदवून घेतो: पुढं काय होणार, शत्रू किती दिवस टिकणार, आपण कुठवर जाणार. त्याच्याजवळ असते ती मात्र, आघाडीवर असताना आपल्याला किती थोडं दिसत होतं याची पक्की आठवण. या आठवणीला स्टुडिओत गिऱ्हाईक नाही. तिची गरज आहे वर्तमानपत्राच्या डेस्कवर, रात्री साडेबाराला, पान सुटायच्या आधी मथळा लावताना.

सिग्नलवाल्याचं काम काय असतं ते मला काकांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. प्रत्येक संदेशावर तारीख आणि वेळ. कुणाकडून, कुणाला, किती तातडीचा. शब्द ऐकू आला नाही तर अंदाजानं भरायचा नाही, पुन्हा सांगायला लावायचं. महत्त्वाचा मजकूर घेतला की परत वाचून दाखवायचा. संदेश खोटा वाटला तरी बदलायचा नाही आणि खरा वाटला म्हणून त्यात भर घालायची नाही. उपसंपादकाला याहून जास्त शिकवायचं तरी काय असतं? आमच्याकडं पदविका घेऊन आलेली मुलं 'सूत्रांनी सांगितले' असं लिहून मोकळी व्हायची. काका समासात लाल शाईनं लिहायचे: 'किती वाजता?'

१९९९ च्या जुलैतली, कारगिलच्या लढाईतली एक रात्र सांगतो. टायगर हिल घेतल्याची घोषणा ४ तारखेला झाली. कचेरीत पेढे आले, पहिल्या पानाचा मथळा मी लावला, 'टायगर हिल फत्ते', आठ कॉलमी. काका प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "शिखर घेतलं का डोंगर घेतला?" मला त्यांचा राग आला. अख्खा देश नाचतोय आणि यांना भूगोल सुचतोय. मथळा तसाच गेला. पुढं कळलं की शिखरावर तिरंगा लागला तरी उतारावर लढाई चालूच होती आणि डोंगर पूर्ण ताब्यात यायला ८ तारीख उजाडली. त्या मधल्या चार दिवसांत तिथं माणसं मरत होती आणि आम्ही छापून मोकळे झालो होतो. काकांनी नंतर तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

मराठी वर्तमानपत्रांची लढाईची एक खास भाषा आहे. पाकला घाम फुटतो, पाकची टरकते, दहशतवाद्यांचं कंबरडं मोडतं. मोडलेलं कंबरडं दर दोन वर्षांनी पुन्हा मोडावं लागतं, हे कुणाला खटकत नाही. 'कंठस्नान' हा तर आपला लाडका शब्द. काकांनी तो दिसेल तिथं कापला आणि वर 'ठार' लिहिलं. वृत्तसंपादकांशी त्यावरून त्यांचं दर आठवड्याला वाजायचं. संपादकांचं म्हणणं, शब्दात जोर पाहिजे. काकांचं म्हणणं, मेलेल्या माणसाला जोर लागत नाही. शत्रूचा माणूस ठार झाला एवढं छापायला त्यांची हरकत नव्हती. पण 'कंठस्नान' लिहिणाऱ्यानं गळा कापलेला माणूस पाहिलेला नसतो, एवढं ते एकदाच, हळू आवाजात बोलले होते.

'शहीद' या शब्दाचंही तसंच. वर्तमानपत्रात सरसकट चालतो, लष्करी कागदात तो नसतो. तिथं असते 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी'. घरच्यांच्या दृष्टीनं सगळा फरक या नोंदीत आहे. लढाईतला मृत्यू अशी नोंद झाली तर 'लिबरलाइज्ड' कुटुंबनिवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. ड्यूटीवर असताना दुसऱ्या कारणानं गेला तर साठ टक्क्यांच्या हिशेबानं. मथळा दोघांनाही तोच, 'वीरपुत्राला अखेरचा निरोप'. काका प्रूफवर विचारायचे, 'नोंद कशी झाली?' वार्ताहर चिडायचे. गावात अंत्ययात्रा चाललेली असताना असलं विचारतं का कुणी? बरोबरच आहे, त्या दिवशी कुणी विचारू नये. पण तिसऱ्या महिन्यात, त्याची बायको तालुक्याला हेलपाटे घालत असताना, तरी कुणी विचारलं का? ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, सियाचिनमध्ये मरण पावला तेव्हा पहिल्यांदा मराठी वाचकांना कळलं, की अग्निवीराच्या घरच्यांना नेहमीचं कुटुंबनिवृत्तिवेतन नाही, विम्याची आणि अनुदानाची ठोक रक्कम आहे. योजना जून २०२२ ची. मधल्या सव्वा वर्षात आपल्या वर्तमानपत्रांत भरती मेळाव्यांचे फोटो मात्र भरपूर आले.

आता आक्षेपांकडं येतो. पहिला लगेच येईल: फौजी माणूस फौजेचीच बाजू घेणार. त्याची पलटण, त्याचे साहेब, त्याची निष्ठा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण इतिहासातलं सगळ्यात जालीम उदाहरण त्याच्याच बाजूचं आहे. बेनितो मुसोलिनी हा व्यवसायानं पत्रकार. आधी समाजवादी 'अवांती'चा संपादक, मग १९१४ च्या नोव्हेंबरात स्वतःचं 'इल पोपोलो दितालिया' काढलं, इटलीनं पहिल्या महायुद्धात उतरावं म्हणून त्यात लेखणी झिजवली आणि १९१५ साली स्वतः सैन्यात गेला. फेब्रुवारी १९१७ मध्ये सरावाच्या वेळी उखळी तोफेचा स्फोट होऊन जखमी झाला आणि परत संपादकाच्या खुर्चीत येऊन बसला. खंदकात राहून आलेल्यांचंच राज्य हवं, असा सिद्धांत त्यानं मांडला आणि त्याला शब्दही पाडला. मराठीत त्याला 'खंदकशाही' म्हणता येईल. मी लढलोय, म्हणून मला कळतं, म्हणून तुम्ही गप्प बसा. पुढचं सर्वांना माहीत आहे.

आता तशीच दुसरी जन्मकुंडली बघा. इंग्रज लेखक-पत्रकार जॉर्ज ऑर्वेल, जन्म १९०३, बिहारातल्या मोतिहारीत. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना, १९३६ च्या अखेरीस बार्सिलोनाला गेला तो वर्तमानपत्रांसाठी लिहायच्या इराद्यानं आणि बंदूक घेऊन आघाडीवर गेला. २० मे १९३७ ला उएस्काजवळ गळ्यातून गोळी आरपार गेली, थोडक्यात वाचला. पण त्याच्या स्पेनच्या लिखाणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे नाही. समोरच्या खंदकातून एक शत्रुसैनिक उघड्यावर धावत निघाला होता, दोन्ही हातांनी विजार सावरत. ऑर्वेलनं नेम धरलेला होता, पण गोळी झाडली नाही. विजार सावरणारा माणूस त्याला शत्रू वाटेना. हे त्यानं लिहून ठेवलं. आपल्याच बाजूचे लोक आपल्याच मित्रपक्षाला फॅसिस्ट ठरवून तुरुंगात टाकतायत, हेही लिहिलं. लंडनच्या एका प्रतिष्ठित डाव्या साप्ताहिकानं ते छापायला नकार दिला. त्याचं स्पेनवरचं पुस्तक १९३८ साली आलं, दीड हजार प्रती काढल्या आणि १९५० मध्ये तो वारला तेव्हाही त्या सगळ्या खपल्या नव्हत्या. त्या पुस्तकात तो वाचकाला बजावतो, की मी एका बाजूनं लढत होतो, मला एकच कोपरा दिसला, तेव्हा माझ्यावरही सावधपणे विश्वास ठेवा.

दोघेही पत्रकार, दोघांनीही युद्धात बंदूक उचलली, दोघेही जखमी झाले. तेव्हा गणवेशानं माणूस खरं बोलायला लागतो, हा भाबडेपणा मी करणार नाही. मुसोलिनीनं खंदकातून अधिकार आणला, ऑर्वेलनं शंका आणली. पॅनेलची रचनाच अशी आहे की तिथं अधिकाराला माइक मिळतो. शंका घेणाऱ्या निवृत्त कर्नलला निवेदक दुसऱ्यांदा बोलावत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डेस्कवर उलटं असतं. तिथं तुमचं नाव छापून येत नाही, चेहरा दिसत नाही, टाळ्या नाहीत. ज्याला खंदकशाही करायची आहे तो रात्रपाळीला टिकणारच नाही.

आणखी एक तिसरं उदाहरण आहे, आपल्या घरातलं म्हणावं असं. उण्णी नायर हे केरळातल्या पालक्काडचे, मद्रास-कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत काम केलेले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले, पुढं लष्कराच्या प्रसिद्धीचं काम सांभाळलं. १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगावर भारताकडून गेले होते. १२ ऑगस्टला कोरियाच्या युद्धातली वेग्वानजवळची आघाडी बघायला निघाले. बरोबर लंडनच्या 'टाइम्स'चे इयन मॉरिसन आणि 'डेली टेलिग्राफ'चे ख्रिस्तोफर बक्ली. जीप सुरुंगावर गेली, तिघेही संपले. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात नायरांचं स्मारक आहे. मला त्यांच्याविषयी आदर आहे, तरी मन थोडं अडखळतं. पत्रकाराला गणवेश चढवला की त्याच्याकडून बातमीऐवजी प्रसिद्धी मागितली जाते. त्यांचं मोठेपण असं, की शेवटच्या दिवशीही ते कुणाच्या निवेदनावर विसंबले नाहीत, स्वतः बघायला गेले. मला मात्र उलटा प्रवास हवा आहे. वार्ताहराला गणवेश नको, गणवेश उतरवलेल्याला वार्ताकक्षात आणा.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. सेवेतल्या सैनिकाला आर्मी रूल्सचा २१ वा नियम बांधतो, लष्करी विषयावर परवानगीशिवाय छापायचं नाही. निवृत्त झाल्यावरही वाट मोकळी नसते. आपल्या पुण्याचेच माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आठवणींतले उतारे डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर आले, मग पुस्तक तपासणीसाठी अडकलं आणि ठरल्या वेळी बाजारात आलंच नाही. चार ताऱ्यांच्या जनरलची ही गत, तर हवालदारानं काय लिहावं? पण हीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. डेस्कवरच्या फौजीला स्वतःचं काही सांगायचंच नसतं. 'शिखर घेतलं का डोंगर' हे विचारायला कुठलं गुपित फोडावं लागतं? दुसऱ्यानं ठोकलेली थाप कापायला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागते?

पुण्यात हे व्हायला अडचण तरी कसली? दक्षिण कमांडचं मुख्यालय आणि केसरीवाडा यांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर. खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे वर्ग. प्रिन्स ऑफ वेल्स ड्राइव्हवरचं युद्धस्मारक १९९८ साली नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि त्यामागं एका वर्तमानपत्राचा पुढाकार होता. म्हणजे वर्गणी काढायला आम्ही पुढं असतो. नोकरीचं विचाराल तर माजी सैनिक प्रत्येक मोठ्या दैनिकात आहे: दारात, निळ्या गणवेशात, रजिस्टर पुढं करून 'कुणाला भेटायचंय' विचारत. माजी सैनिकांना सुरक्षारक्षक म्हणून पुरवणं हा राज्याच्या माजी सैनिक महामंडळाचा मोठा उद्योग आहे. त्यात कमीपणा नाही, पण जिन्याच्या वर का नाही, हे कुणी विचारत नाही.

केसरीच्या टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी असा प्रश्न विचारला होता. १९१८ साली इंग्रज सरकारला पहिल्या महायुद्धासाठी रंगरूट हवे होते. टिळकांची तयारी होती, अट एकच: हिंदी माणसाला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला पाहिजे. तसं वचन सरकारकडून मिळवा, महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, न दिली तर हे जप्त करा, असं म्हणून त्यांनी गांधीजींकडं पन्नास हजारांचा चेक पाठवला. गांधीजींनी तो परत केला. त्याच्या दोनच वर्षं आधी, एप्रिल १९१६ मध्ये, पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन इराकातल्या कुत-अल-अमारात शरण गेली होती. त्यात मराठा पलटणी होत्या. त्या वेढ्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी कपाटभर लिहिलं. सातारा-रत्नागिरीच्या शिपायाला काय दिसलं? आजचं चित्र फार वेगळं नाही. पॅनेलवर जनरल असतो, ब्रिगेडियर असतो. सुभेदार मी अजून पाहिला नाही.

आणि आता तर पंचवीस वर्षांची पोरं बाहेर पडायला लागतील. अग्निपथच्या नियमाप्रमाणं चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात, बाकीचे घरी. पोलीस भरतीत आरक्षण, बँकेत रखवालदार, एजन्सीत गार्ड, याच चर्चा चालू आहेत. त्यांतल्या पाच-दहा सिग्नलवाल्यांना, क्लार्कना पत्रकारितेच्या वर्गात फी माफ करून घेतलं, एखाद्या दैनिकानं दोन जागा राखल्या, तर त्या दैनिकाचं दिवाळं निघणार नाही. अर्थात मालक म्हणतील, डेस्कच बंद करतोय, माणसं कसली घेताय. मुद्रितशोधक तर आता उरलेच नाहीत. काकांची जागा त्यांच्यानंतर भरलीच नाही. हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही.

एकाहत्तरची, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची गोष्ट आमच्याकडं दर डिसेंबरात निघायची. १० डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यातल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. त्यानं उत्तर धाडलं, कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून: पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन बघायची इच्छा आहे, लेखणी तुम्ही फारच छान चालवता. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. लढाईत मराठ्यांची पहिली पलटण होती, त्यामुळं गोष्टीला आमच्या कचेरीत विशेष रंग चढायचा. एकानं काकांना विचारलं, तुम्ही होता ना तिकडंच? सांगा की. "जमालपूरला मी नव्हतो," काका म्हणाले. मग होता कुठं? "दुसरीकडं."

एका वर्षी मी फारच मागं लागलो. विजय दिवसाची पुरवणी होती, तुम्ही जिथं होता तिथलंच लिहा म्हटलं. त्यांनी अर्ध्या फुलस्केपवर, सिग्नलवाल्याच्या एकेक अक्षर सुटं काढायच्या सवयीनं, अकरा ओळी लिहून आणल्या. कालव्याचा बांध होता. वायरलेसची बॅटरी ओली होऊ नये म्हणून ती ताडपत्रीत आणि आम्ही उघड्यावर. बूट सहा दिवस पायातून निघाले नव्हते, निघाले तेव्हा मोज्याबरोबर कातडं आलं. गोळीबार ऐकू येत होता, पण कुठल्या बाजूनं ते कळत नव्हतं. ढाका पडल्याचं १६ तारखेला रेडिओवर ऐकलं. शेजारच्या खड्ड्यातला पोरगा त्या आधीच्या दिवशी गेला होता, त्याला ते कळलं नाही.

वृत्तसंपादकांनी कागद वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "यात काही घडतच नाही रे," ते म्हणाले. पुरवणीत जमालपूरची गोष्ट गेली, गोळीच्या चित्रासकट. मी तिथंच बसलो होतो आणि काही बोललो नाही. काकांनी कागद परत घेतला, चारात घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि शब्दकोड्याचं प्रूफ पुढं ओढलं. आडवा सतरावा शब्द एका घरानं चुकला होता.